देवाला बसलेला पाना

"उडी टाक," तुम्ही म्हणालात.

"का?" मी विचारलं.

तेवढ्यात सायकलचं हँडल तुमच्या हातात गर्रकन फिरलं. पुढचं चाक आडवं झालं आणि तुम्ही पुढं फेकले गेलात, गाडीतून पोतं टाकावं तसे. ओढ्याच्या पुलाच्या दगडी कठड्यावर डोकं आपटलं, तो आवाज मी ऐकला. मी डाव्या अंगाला पडले, भाताच्या खाचरात, मऊ चिखलात. मनगट मोडलं होतं ते मला फार उशिरा कळलं. हँडलाखालचे छर्रे रस्त्यावर सांडले होते आणि उतारावरून पुलाकडं घरंगळत चालले होते. तुमच्याकडं बघायच्या आधी मी त्या छर्ऱ्यांकडं बघितलं. खोटं कशाला लिहू? माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की हे कुणीतरी नीट आवळलेलं नाही.

मग तुमच्याकडं बघितलं. तोवर बघून उपयोग राहिला नव्हता.

आता महिना होत आला. भात कापणीला आलंय आणि डाव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून उजव्या हातानं हे लिहिते आहे. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, तुम्ही हसायचात तसंच. तुम्ही कसे चांगले होतात, कसे कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतात, हे तेराव्याला सगळे बोलून गेले. मला त्यात भर घालायची नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. भांडणात शेवटचा शब्द नेहमी माझा असायचा. या खेपेला शेवटचा शब्द तुम्ही बोललात आणि मी नुसता प्रश्न विचारून बसले.

भांडण हँडलाचं होतं. गौरी-गणपतीच्या आधीपासून मी तुम्हाला सांगत होते की हँडल खेळतंय. मी कॅरिअरवर बसते, मला खालून कळतं. उत्रोलीचा रस्ता जिथं फुटलाय तिथं पुढून टक्‌ आवाज यायचा आणि तो सळईतून माझ्या बुडाखाली यायचा.

"तुझ्या गुडघ्यात वाजतंय त्ये," तुम्ही म्हणायचात.

"गुडघं तुमचं वाजत्यात. पायडल मारताना गावाला ऐकू जातंय."

"मग हँडलाचं वाजल्यालं तुला बरं ऐकू येतं?"

ते कसं तपासायचं तेही मला तुम्हीच शिकवलेलं. पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि गाडी जागच्या जागी मागं-पुढं ढकलायची. पुढचं चाक धरणारा चिमटा जिथं हँडलाच्या नळीत बसतो तिथं वर एक वाटी असते, खाली एक, आणि दोन्हींत छर्रे, पोलादाच्या बारीक गोळ्या. वाटी नीट टेकलेली असली तर काही वाजत नाही. सैल झाली की टकटक करते. मी अंगणात तुमच्यासमोर ब्रेक दाबून ढकलून दाखवली. टक्‌, टक्‌. तुम्ही तंबाखू मळत बसलात आणि म्हणालात, "खेळ हँडलात न्हाई, तुझ्या डोक्यात हाय. तुला तर कावळा बसला तरी फांदीचा संशय येतो."

मी संशयी आहे, हे खरं. पण मला संशयी केलं कुणी?

पालीला, माझ्या माहेरी, मला बघायला आलात तेव्हापासून सुरुवात आहे. सगळे पाहुणे एसटीनं येतात, तुम्ही भोरच्या अंगाहून सायकल हाणत गडाच्या पायथ्यापर्यंत आलात. माझ्या बापानं आईच्या कानात सांगितलं, "एवढ्या लांबनं सायकल मारीत आलाय म्हंजे एक तर डोकं फिरल्यालं हाय, नायतर घरात कुणी इचारत न्हाई." मी पोह्याच्या बशा देऊन झाल्यावर बाहेर जाऊन सायकल बघितली. सीट इतकं उंच होतं की तुमचे पाय काही पायडलाला पुरते टेकत नसणार. मी आत आले आणि चारचौघांत विचारलं, "सायकल तुमचीच हाय का?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. कान लाल झाले होते.

लग्नानंतर आठ दिवसांनी तुमचा मित्र सायकल मागायला दारात आला. म्हणजे तुम्ही माझ्याशी बोललेला पहिलाच शब्द खोटा होता. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी तरी माझीच होती ना. मग ही गाडी घेतलीत, जुनीच, आणि जन्मभर तिच्यावर भोरात दूध घातलंत. मागं दोन मोठ्या किटल्या, एक लहान हँडलाला. त्या लहान किटलीनंच हँडलाच्या वाट्या खाल्ल्या, असं भोरचा सायकल दुरुस्तीवाला दस्तगीर म्हणतो. दस्तगीरचं पुढं येईलच.

तुमची खोटी बारीक असायची. साखरेचा आजार झाल्यावर तर रोजचीच.

"चहात साखर घेतली?"

"न्हाई."

"मग बाहीला पाक कसला लागलाय?"

"कुठं?" म्हणून तुम्ही बाही चाटायचात. नाही तर म्हणायचात, जिलेबीवाल्याच्या दुकानाशेजारनं आलो, उडाला असंल. पाक काय उडतो? मी खिसे तपासायचे, तोंडाचा वास घ्यायचे, भोरहून आलेल्या माणसाला तुम्ही कुठं बसला होतात ते विचारायचे. तुमच्या एका शब्दावर मी तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नाही.

एक सोडून. गाडीवरून जाताना तुम्ही "खड्डा" म्हणायचात. तुम्ही "खड्डा" म्हणालात की मी बूड उचलायचे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या साली डोळ्याला पट्टी होती, तेव्हा तर तुम्ही सगळा रस्ताच तोंडानं सांगत न्यायचात. खड्डा. दगड. म्हैस आडवी आली. आता पूल. नामदेवची बायको दारात उभी हाय, तोंड सरळ कर. मी एकदाही कुठं म्हणून विचारलं नाही. रस्त्याच्या बाबतीत तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. आणि त्या दिवशी "उडी टाक" म्हणालात तर मी "का?" विचारलं. ते का विचारलं हे मला अजून सापडलेलं नाही.

तो दिवस खंडेनवमीचा. सकाळी मी पाट मांडला. सासूबाईंनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणं घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून त्यावर ठेवलं. कोयता, विळे, खुरपी, टिकाव, आणि तुमचा तो मोठा पाना. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. ज्याच्यावर आपण खातो त्याला एक दिवस विसावा. दसऱ्याला सोनं वाटून झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. तुम्ही अंगणात सायकल धूत होतात, तिलाही हार घालायचा म्हणून. तुम्ही ओल्या हातानं दारात आलात.

"पाना दे गं."

"पूजेत हाय."

"वरचा नट हातानं फिरतोय. सुटलाय पार." आणि मग तुम्ही ते म्हणालात, जे मी दोन महिने ऐकायला टपले होते. "तुझं खरं निघालं."

त्या वेळी मी पाना उचलून दिला असता तर एका मिनिटाचं काम होतं. देव कोपेल असं माझ्या मनात नव्हतं. मी देवाला तेवढ्यास तेवढं मानते, तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई जाऊनही जमाना झाला. मी पाना दिला नाही कारण मी जिंकले होते आणि मला ते थोडा वेळ चघळायचं होतं.

"दोन म्हैनं हँडलाला कायबी झालं न्हाई," मी म्हणाले, "आता एका दिसानं काय हुतंय? पूजेतलं लोखंड हालवायचं न्हाई."

"अगं, आजच तुला तुझ्या अक्काकडं जायचंय ना?"

"जायचंय म्हंजे जायचंय. ती अंथरुणाला खिळलीय, सणाचं कुणी तरी जायला नको? दस्तगीरकडनं आवळून आणा. त्यो काय दसरा करतोय व्हय?"

तुम्ही सायकल हातानं ढकलत भोराकडं गेलात. तासाभरात आलात. मी पदराला हात पुसत विचारलं, "आवळलं?"

"आवळलं."

"दस्तगीरनं?"

"मग काय, तुझ्या बापानं? बस चल, ऊन व्हायच्या आत जाऊ."

एरवी मी ब्रेक दाबून ढकलून बघितली असती. तुम्ही जिलेबी खाल्ली का हे बघायला बाही हुंगणारी बाई मी. त्या दिवशी माझ्या एका हातात अक्कासाठी डबा होता, दुसऱ्या हातात झेंडूचा हार, आणि मनात एकच, की माझं खरं निघालं. मी बसले. फुटक्या रस्त्यावर टक्‌ ऐकू आलं का? मला आठवत नाही. मी आठवून बघते आणि एकदा वाटतं आलं होतं, एकदा वाटतं नव्हतं आलं. स्वतःच्या आठवणीचाही मला आता भरवसा नाही.

पुढचं वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी तुमची माती झाली. गावात कुणी सोनं वाटलं नाही. दस्तगीर आला होता, पांढरी टोपी घालून, बांधावर उभा होता. हँडल दस्तगीरनं आवळलं होतं, हे रात्रीच माझ्या तोंडून ऐकलेले तुमच्या पाठचे नामदेव भावजी त्याच्या अंगावर धावून गेले. "माझा भाऊ खाल्लास आन्‌ मातीला येतोस? चल, माघारी फिर!" तो काही तरी बोलायला गेला. चार माणसं मधे पडली. तो गेला. मी हे सगळं बघितलं आणि गप्प बसले. गप्प का बसले ते सांगते. मला तेव्हा नामदेव भावजींचं पटत होतं. ज्यानं आवळलं म्हणून तुम्ही सांगितलंत त्याच्या हातून सैल राहिलं, म्हणजे दोष त्याचा. सरळ हिशेब होता, आणि त्या हिशेबात माझं नाव कुठं येत नव्हतं.

दहाव्याला कावळा एका फटक्यात शिवला. लोक म्हणाले, आण्णांची काही इच्छा राहिली नाही. मला त्या कावळ्याचाही संशय आला. इतकं घाईनं? तुम्हाला मला काहीच विचारायचं नव्हतं?

संध्याकाळी नामदेव भावजी ओट्यावर बसून चार जणांना सांगत होते की तेराव्याला सगळे जमले की ठराव करायचा, या गावातलं एकही चाक दस्तगीरच्या दुकानात जाऊ द्यायचं नाही. पोलिसांत तक्रार द्यायची. तक्रारीवर वहिनींची सही पाहिजे. आपल्या सुमननं कागद माझ्यापुढं ठेवला. तिच्या मोठ्या पोरानं लिहिला होता. त्यात लिहिलं होतं की सदर इसमाने हँडल आवळून दिले असे मयताने सांगितले.

मी कागद तीनदा वाचला. त्यात एक गोष्ट माझ्या तोंडून गेलेली होती. मयताने सांगितले. म्हणजे तुम्ही सांगितलं. आणि तुमच्या सांगण्यावर मी कधी तपासल्याशिवाय सही केली आहे?

अकराव्या दिवशी सकाळी मी दुधाच्या टेम्पोत सायकल टाकायला लावली आणि भोराला गेले. सुतकात बाहेर पडले म्हणून सुमन मागं लागली, "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील ते तेराव्याला जेवायला येतीलच, तेव्हा विचार."

दस्तगीरनं मला बघितलं आणि उठून उभा राहिला. हातातलं काम खाली ठेवलं. मी टेम्पोवाल्याला सायकल त्याच्यापुढं उभी करायला लावली आणि विचारलं, "तू आवळलंस का न्हाई?"

"वहिनी, बसा आधी."

"बसायला आली न्हाई. आवळलंस का?"

"त्या दिवशी माझं दुकान बंद व्हतं. खंडेनवमीला माझं दुकान बंदच असतंय. हत्यारं पुजल्याली असत्यात."

"तुझी हत्यारं? पुजल्याली?"

"बापापास्नं रीत हाय आमच्यात. लोखंडाचं खातो आमी, त्येला एक दिस निवांत ठिवतो. शेजारची फुलवाली हार आणून देती. आण्णास्नी ठावं व्हतं की."

माझा विश्वास बसला नाही. दुकान बंद होतं असं कुणीही म्हणेल. मी म्हटलं, "मेल्याला साक्षीला बोलावू नकोस."

तो चिडला नाही. सायकलीपाशी खाली बसला आणि म्हणाला, "हिकडं या. वाकता येतंय ना? ह्यो वरचा नट बघा. पान्यानं आवळला की कोपऱ्यावर घासून चकाकी येती. ह्यो बघा सगळा काळा, गंजल्याला. वरीसभर त्येला पाना लागला न्हाई."

"तू पुसली असशील."

"चकाकी पुसता येती व्हय वहिनी?" मग त्यानं नट बोटानं फिरवला. तो अर्ध्यापर्यंत वर आला होता, सहज फिरत होता. दिव्याच्या पट्टीखाली काही अडकलं होतं, ते त्यानं चिमटीनं ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवी चिंधी. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ. सीटखाली खोचलेली असायची, तुम्ही गाडी पुसायचात ती.

"बोटं घसरू न्हाईत म्हणून नटाला चिंधी गुंडाळून हातानं पिळलाय," दस्तगीर म्हणाला. "हातानं आवळल्याला नट फुटक्या रस्त्यावर किती टिकणार? दोन मैल. त्यो वर सरकला की वाटी सैल, वाटी सैल झाली की छर्रं बाहेर, आन्‌ उतारावर ब्रेक दाबला की चिमटा नळीत नाचणार. मंग हँडल कुणाचंच ऐकत न्हाई."

मी तरी म्हटलं, "हे तू आता बसून रचलंस." मला ते रचलेलंच हवं होतं.

तेव्हा शेजारून फुलवाली बोलली. मी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. तुमच्यापेक्षा म्हातारी, दात नसलेली बाई. "आगं, म्या बघितलं की त्यांला," ती म्हणाली. "ह्येचं दुकान बंद, तर हितं फळीपुढं बसून चिंधीनं पिळत बसलं व्हतं. म्या म्हणलं, आण्णा, हातं सोलतील, घरनं पाना आणा की. तर हसलं. म्हणलं, घरचा पाना देवाला बसलाय."

घरचा पाना देवाला बसलाय. हे त्या बाईला कुणी सांगितलं असणार? घरात आपण दोघंच होतो.

ती पुढं म्हणाली, "म्या म्हणलं, मंग आज गाडी घरी ठिवा. तर म्हणलं, न्यायला पायजे, मालकीण जिंकलीय आज, तिचा दिस हाय."

मी तिथंच फळीवर बसले. दस्तगीरनं पाणी आणून दिलं ते प्यायले.

अहो, तुम्ही मला दस्तगीरचं नाव का सांगितलं? हे मी तुम्हाला विचारते आहे. दुकान बंद होतं, हातानं आवळलंय, असं म्हणाला असतात तर मी पुन्हा पूजेकडं बोट दाखवलं असतं का? कदाचित दाखवलं असतं. कदाचित पाना आणून दिला असता. तुम्हाला वाटलं असणार की ही आता परत भांडेल, अक्काकडं जायचं राहील, सण वाया जाईल, त्यापेक्षा एक बारीक खोटं बोलून टाकू, बाहीच्या पाकासारखं. तुमची खोटी सगळी तशीच होती, माझ्या तोंडाला घाबरून बोललेली. हे मला तुम्ही असताना कळायला हवं होतं. मी खोटं पकडायचे आणि पकडलं की भांडायचे. ते कशापायी बोलता हे कधी विचारलं नाही.

तेराव्याला मांडव घातला होता. जेवणं झाल्यावर नामदेव भावजी उभे राहिले आणि दस्तगीरचं सुरू केलं. कागद सुमनच्या हातात होता. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रडली आणि म्हणाली, "आई, तू पान्याचं कुणापुढं बोलू नकोस. तक्रार देऊ नका एवढंच म्हण. कशाला स्वतःवर ओढून घेतेस?" तिच्या जागी ती बरोबर होती. पण तक्रार दिली नाही तरी चाकं थांबणारच होती. नाव एकदा बाजारात गेलं की कागदाची गरज राहत नाही. आणि ते नाव मी गप्प बसून जाऊ दिलं होतं.

मी उठून आत गेले. पाट अजून तसाच होता, कुणी हलवला नव्हता. झेंडू वाळून काळा पडला होता. मी पाना उचलला. त्यावर कुंकू होतं तसंच. तो घेऊन मांडवात आले.

"भावजी, ह्यो बघा पाना," मी म्हटलं. "नट सुटला म्हणून त्यांनी ह्यो मला सकाळी मागितला. म्या दिला न्हाई. पूजेत हाय म्हणलं. दस्तगीरचं दुकान त्या दिशी बंद व्हतं. त्यांनी हातानं आवळलं आन्‌ मला खोटं सांगितलं. दस्तगीरचा ह्यात कायबी संबंध न्हाई."

भावजींचं तोंड उतरलं. मग ते म्हणाले, "वहिनी, तुमाला त्या भोरवाल्यानं शिकवून सोडल्यालं दिसतंय."

"मला शिकवायचं व्हतं तर चौथीच्या पुढं शिकवायचं. आता कोण शिकवतंय?"

मागं बायकांत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. पलीकडची म्हातारी मला समजवायला पुढं आली, "आगं, रीत पाळलीस तू. देवाच्या मनात आसंल, त्यानं न्हेलं. तुझा काय दोष?"

"देवाचं नाव घेऊ नका," मी म्हटलं. "देवानं पाना मागितला नव्हता. ह्यांनी मागितला व्हता."

भावजी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. कागद मी फाडला. चार दिवसांनी कळलं की त्यांचा मोठा मुलगा टायर काढायला दस्तगीरकडंच गेला होता. बोलत नाहीत ते माझ्याशी. बरं आहे. माझ्याशी बोलले नाहीत तरी चालतं, त्या माणसाचं दुकान चालू राहिलं पाहिजे.

दस्तगीरनं हँडल बसवून दिलं. मी त्याला आपलाच पाना नेऊन दिला आणि समोर बसले, म्हटलं माझ्या डोळ्यांदेखत कर. त्याला काही वाटलं नाही. वाट्या नव्या घातल्या, रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं, एकेक छर्रा बोटानं ग्रीसमध्ये बसवला. मग मला म्हणाला, "वहिनी, वाटी आवळायची नसती. नुसती टेकवायची. लई आवळली तर हँडल जाम हुतंय, मंग ते वळत न्हाई, सरळ जातंय भितीत. वाटी एका हातानं धरून ठिवायची आन्‌ नट मात्र जीव लावून आवळायचा." तो आवळत असताना नटाच्या कोपऱ्यावर चकाकी आली. मी वाकून बघितली.

सायकल आता ओट्याखाली उभी आहे. सुमन म्हणते विकून टाक. मी विकणार नाही. रोज सकाळी मी उजव्या हातानं ब्रेक दाबून तिला मागं-पुढं ढकलते. वाजत नाही. तरी ढकलते.

एक राहिलं. चिखल डाव्या बाजूला होता, कठडा उजव्या. पडताना गाडी डावीकडं कलली आणि मी चिखलात गेले. तुम्ही ती मुद्दाम कलवलीत का, असं सुमन विचारते. बापानं शेवटी आईला वाचवलं, असं तिला ऐकायचं आहे. मी दस्तगीरला विचारलं. तो म्हणाला, तेव्हा हँडल हातात नसतंच, वहिनी. मग मी अंगाचं विचारलं. माणूस नुसतं अंग टाकून गाडी कलवू शकतो का? तो म्हणाला, आण्णांनी जन्मभर किटल्या घालून गाडी चालवली, त्यांस्नी जमलं असतं, पण म्या तिथं नव्हतो.

तिथं मी होते. मी तुमच्या पाठीमागं होते, एका हातानं तुमचा सदरा धरून, आणि मी "का?" म्हणून विचारत होते. त्यामुळं मला दिसलं नाही. तुम्ही अंग टाकलं असेल तर तुमचे उपकार आहेत. टाकलं नसेल तर नाहीत. मला खोटं समाधान नको. तुमच्याकडून तर मुळीच नको.

त्या उतारावर आपण दोघं होतो. त्यातली मी वाचले. डावं मनगट पुरतं वळणार नाही असं डॉक्टर म्हणतात, बाकी मी धडधाकट आहे.